पाऊस लागला, तरी ते हॉलमध्येच झोपतात

पत्राचा सारांश : नागपुरातील ४८ वर्षांच्या एका भगिनीचे हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील वगळले आहेत. त्यांचे यजमान ५४ वर्षांचे असून शासकीय नोकरीत आहेत. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवला गेला आणि दीड महिन्यात ते कामावर रुजू झाले. त्या उन्हाळ्यात कूलर हॉललाच असल्यामुळे सासूबाई, मुलगी आणि हे दोघे असे सगळेच हॉलमध्ये झोपत. पाऊस लागला, कूलर बंद झाला, मुलगी आपल्या खोलीत गेली, ताईही बेडरूममध्ये परतल्या. यजमान मात्र 'आईला रात्री उठावं लागतं' असे सांगून हॉलमधल्या दिवाणावरच राहिले, ते आजतागायत. या काळात शरीरसंबंध तर नाहीच, पण सहज हातात हात घेणेही उरलेले नाही. ताईंची पाळी वर्षभरापूर्वी थांबली. झटक्याच्या आधीपासूनच संबंधाच्या वेळी त्यांना दुखत असे, ते त्यांनी कधी सांगितले नाही. गेल्या महिन्यात स्कूटरच्या डिकीत त्यांना 'ताकदीच्या' आयुर्वेदिक कॅप्सूलची अर्धी संपलेली पट्टी सापडली. त्या लिहितात, "माझ्याजवळ तर येत नाहीत, मग या गोळ्या कोणासाठी? विचारायची हिंमत होत नाही. भांडण झालं आणि त्यांना पुन्हा काही झालं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही. आणि खरं सांगू का, पोरीच्या लग्नाचं बघायच्या वयात मला या गोष्टीचं वाईट वाटतं, याचीच लाज वाटते."

ताई,

तुमच्या मनातल्या प्रश्नाकडे येण्याआधी त्या पट्टीविषयी बोलणे भाग आहे, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. अँजिओप्लास्टी झालेल्या अनेकांच्या खिशात किंवा उशाशी छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी असते. सॉर्बिट्रेट हे तिचे आपल्याकडे सर्वांच्या तोंडी असलेले नाव. ती नायट्रेट प्रकारातली आहे. लिंगाच्या ताठरतेसाठी घेतली जाणारी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल ही औषधे नायट्रेटबरोबर शरीरात एकत्र आली, तर रक्तदाब एकाएकी इतका खाली येऊ शकतो की माणूस दगावू शकतो. 'त्या तर आयुर्वेदिक आहेत' असे तुमच्या मनात येईल. परंतु केवळ वनस्पतींपासून बनवल्याचे सांगून विकल्या जाणाऱ्या अशा कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिलची भेसळ औषध नियंत्रकांना वारंवार आढळली आहे, आणि ती अर्थातच वेष्टनावर छापलेली नसते. तेव्हा आजच यजमानांची औषधांची चिठ्ठी काढून पाहा. तिच्यात आयसोसॉर्बाइड (म्हणजेच सॉर्बिट्रेट), नायट्रोग्लिसरीन किंवा निकोरँडिल यांपैकी एखादे नाव असेल, तर त्या कॅप्सूल बंद व्हायलाच हव्यात, आणि हे त्यांना सांगण्यासाठी योग्य वेळेची वाट पाहू नका. तशी नावे नसली, तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्या घेऊ नयेत. कधी छातीत दुखून रुग्णालयात जाण्याची वेळ आलीच, तर अशी गोळी किंवा कॅप्सूल केव्हा घेतली हे तिथल्या डॉक्टरांना न लाजता सांगावे लागते. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट देता येत नाही.

आता तुमचा प्रश्न. पुरुष अशी गोळी घेतो ती कोणाकडे तरी जाण्यासाठीच, असे तुम्ही गृहीत धरले आहे. तुमच्या यजमानांना मी ओळखत नाही, त्यामुळे ती शक्यता मी फेटाळून लावणार नाही. पण तुम्हीच लिहिले आहे की ते वेळेवर घरी येतात, फोन टेबलावर पडलेला असतो, रोज सकाळी फुटाळा तलावापर्यंत चालत जाऊन येतात आणि आईचे सगळे स्वतः करतात. हे सारे वाचल्यावर मला दुसरीच शक्यता अधिक वाटते. आजारातून उठलेले कितीतरी पुरुष आपले शरीर पूर्वीसारखे साथ देते का, हे आधी एकट्यानेच पाहून घेतात. जमले तर बायकोजवळ जाऊ, नाही जमले तर निदान तिला कळणार तरी नाही, असा त्यामागे विचार असतो. डॉक्टरांना विचारण्याची लाज वाटते आणि दुकानात कॅप्सूल मिळते, म्हणून ती आणली जाते. मग अर्धी पट्टी संपते, फरक पडत नाही, आणि उरलेली पट्टी कोणाच्या हाती लागू नये म्हणून डिकीत जाते.

त्यांना तशी अडचण येत असण्याची कारणेही पुरेशी आहेत. लिंगाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार पुष्कळदा तिथे आधी जाणवतो. हृदयाचे दुखणे लक्षात येण्याच्या दोन ते पाच वर्षे आधीपासून ताठरता कमी झाल्याचे अनेक रुग्ण मागाहून सांगतात. मधुमेह असेल तर त्याची भर पडते. झटक्यानंतर दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी, विशेषतः हृदयाचे ठोके मंद ठेवणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातल्या काहींनी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी, काही पुरुषांना त्रास होतो. झटका येऊन गेलेल्यांपैकी जवळपास पाचात एकाला चांगलेच नैराश्य येते. ते चारचौघांत रडताना दिसत नाहीत, पण त्यांना कशातच गोडी वाटत नाही. आणि या सगळ्यावर भीती. तुमच्या पत्रातली भीती त्यांच्याही मनात नसेल असे मला वाटत नाही.

त्या भीतीला खरा आधार किती आहे, ते पाहू. पती-पत्नीच्या नेहमीच्या शरीरसंबंधात हृदयावर पडणारा ताण साधारण दोन जिने चढण्याएवढा असतो, आणि तो सर्वांत जास्त असतो तो काळ अगदी थोडा असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार, ज्यांचा झटका गुंतागुंतीचा नव्हता आणि ज्यांना साधारण श्रम करताना छातीत दुखत नाही किंवा धाप लागत नाही, त्यांना झटक्यानंतर एका आठवड्यानेही संबंध सुरू करता येऊ शकतो. हृदयविकाराच्या एकूण झटक्यांपैकी शरीरसंबंधाशी जोडता येणारे झटके एक टक्क्याच्या आतबाहेर असतात, आणि नियमित चालणाऱ्या माणसाला तो धोका आणखी कमी असतो. तुमचे यजमान रोज फुटाळ्यापर्यंत जाऊन येतात आणि त्यांना धाप लागत नाही, असे तुम्ही ओघात लिहून गेलात. मला ते तुमच्या पत्रातले सर्वांत आश्वासक वाक्य वाटले. अखेरचा निर्णय त्यांचे हृदयरोगतज्ज्ञच तपासून देतील, गरज वाटल्यास ट्रेडमिलची चाचणी करून घेतील. पण गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून ज्या भीतीने तुमच्या घरात ठाण मांडले आहे, ती एका तपासणीत बरीच निवळू शकते. ही तपासणी तुम्ही मागितली नाही, डॉक्टरांनीही विषय काढला नाही. घरी सोडताना मीठ, तेल, चालणे आणि गोळ्या इतकेच सांगण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि त्यामुळे जोडपी वर्षानुवर्षे अंदाजाने जगतात, याचा मला मनापासून खेद होतो.

एका गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधावेसे वाटते. तुम्ही या दुराव्याची सुरुवात झटक्यापासून धरता. पण त्याआधीपासून संबंधाच्या वेळी दुखत होते, तुम्ही सांगितले नाही, 'दात आवळून पडून राहायची' असे तुम्हीच लिहिले आहे. ते शेजारच्या माणसाला अजिबात जाणवले नसेल का? पंचवीस वर्षे संसार केलेल्या नवऱ्याला बायकोचे अंग आखडलेले कळते. ते का आखडले, एवढेच कळत नाही. त्याने लावलेला अर्थ बहुधा एकच असतो : हिला आता मी नकोसा झालो. त्यानंतर झटका आला आणि तुम्ही त्यांना काचेच्या भांड्यासारखे जपू लागलात. पथ्य, गोळ्यांची वेळ, पायरीवर हात धरणे, सगळे केले, पण जवळ बोलावले नाही. म्हणजे तुम्ही त्यांच्या दिवाणाचा अर्थ लावत होतात, तेव्हा तेही तुमच्या बेडरूमच्या बंद दाराचा काही अर्थ लावत असतील. दोन माणसांची शरीरे एकाच सुमारास बदलली आणि दोघांनीही एकमेकांना ते सांगितले नाही. यात तुमचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. हे कोणी शिकवलेलेच नसते.

तुमच्या लाजेबद्दलही लिहायला हवे. मुलगी लग्नाची झाली की आईबापांनी हा विषय मिटवावा, हा नियम कोणी केला ते सांगता येत नाही, पण तो पाळताना बायकांची किती वर्षे कोरडी जातात, हे मी पाहते आहे. भारतात पाळी थांबण्याचे वय साधारण ४६-४७ आहे आणि त्यानंतर आयुष्याची पुष्कळ वर्षे उरतात. त्या वर्षांत नवऱ्याचा स्पर्श हवासा वाटणे हे वयाला न शोभणारे मुळीच नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली मराठीत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले, तेव्हा स्त्रीलाही कामसुखाची इच्छा असते आणि तिचा तिला हक्क आहे एवढे म्हणण्यासाठी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. इतक्या वर्षांनी तुम्हाला तीच गोष्ट स्वतःशी कबूल करायला लाज वाटावी, याचे मला वाईट वाटते. अर्थात, दोघांनी बोलून, दोघांच्या मर्जीने हा भाग संपवला आणि तरीही माया उरली, तर तेही सुखाचे असू शकते; अशी जोडपी आहेत. तुमच्या घरात मात्र तसे ठरलेले नाही.

आता पुढे काय करावे. गप्प राहणे हा एक मार्ग आहे, आणि त्याची किंमत तुम्ही झोप गमावून देतच आहात. पट्टी पुढे करून जाब विचारणे हा दुसरा. त्याने भांडण होईल किंवा ते अधिकच मिटून घेतील. मला तिसरा मार्ग योग्य वाटतो, तो म्हणजे त्यांच्या तब्येतीच्या काळजीतून बोलायला सुरुवात करावी, कारण ती काळजी खरी आहे. हे बोलणे रात्री, दिवाणाशेजारी उभे राहून, सासूबाई जाग्या असताना होणार नाही. एका सकाळी त्यांच्याबरोबर फुटाळ्याला चालायला जा. शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही आणि अवघड गोष्ट त्या मानाने सोपी होते. साधारण असे म्हणता येईल : "अहो, डिकीत मला त्या कॅप्सूल दिसल्या. आधी मला वाईट वाटलं, मग भीती वाटली, कारण हार्टच्या गोळ्यांबरोबर त्या चालत नाहीत असं वाचलं. मला भांडायचं नाही. आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ." एवढे बोलून थांबा. त्यांनी लगेच उत्तर द्यावे अशी अपेक्षा ठेवू नका. पुष्कळ पुरुष अशा वेळी आधी 'काही नाही, असंच' म्हणतात आणि दोन दिवसांनी स्वतःहून विषय काढतात. तो काढला, की तुमच्या दुखण्याचेही सांगा. तुम्ही आपली अडचण सांगितलीत, तर त्यांना आपली सांगणे हलके जाईल.

डॉक्टरांकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या. तोंडाने विचारणे जमले नाही, तर कागद पुढे सरकवला तरी चालतो. शरीरसंबंध ठेवायला हरकत आहे का, ताठरतेची अडचण सध्याच्या औषधांमुळे असू शकते का आणि असल्यास औषध बदलता येईल का, साखर आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात आहे का, ताठरतेसाठी त्यांना काही सुरक्षित उपचार आहे का, इतके विचारले तरी पुरे. एक खूण त्यांनी स्वतः लक्षात ठेवून सांगावी : पहाटे झोपेतून उठताना ताठरता येत असेल, तर शरीराची यंत्रणा बरीचशी शाबूत आहे आणि अडथळ्यात मनाचा वाटा मोठा आहे असे मानायला जागा असते. मात्र या शंकेपायी कोणतीही गोळी परस्पर बंद करू नये. बीटा ब्लॉकर एकाएकी थांबवले तर हृदयाचे दुखणे उसळू शकते, आणि स्टेंटनंतरची रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकवली तर स्टेंटमध्ये गाठ होण्याचा धोका असतो. भिंतींवर 'गुप्तरोग' लिहून फोन नंबर देणाऱ्यांपासून तर दूरच राहा.

तुम्ही स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, आणि यजमानांचे काय ठरते याची त्यासाठी वाट पाहू नका. पाळी थांबताना इस्ट्रोजेन कमी होते, त्यामुळे योनीमार्गाचे अस्तर पातळ आणि कोरडे पडते आणि संबंधाच्या वेळी दुखते. काहींना लघवीला जळजळही होते. हे आपोआप जात नाही, पण त्यावर उपचार साधे आहेत. आठवड्यातून दोन-तीनदा लावायचे मॉइश्चरायझर, संबंधाच्या वेळी पाण्यात विरघळणारे वंगण, आणि तेवढ्याने भागले नाही तर तज्ज्ञांच्या सल्ल्याने लावायचे इस्ट्रोजेनचे मलम. पाळी थांबून पूर्ण १२ महिने झाल्यानंतर एखाद्या दिवशी थोडा जरी रक्तस्राव दिसला, तरी तो अंगावर काढू नका.

डॉक्टरांनी होकार दिला, तरी त्याच रात्री सगळे पूर्वीसारखे व्हावे असा आग्रह धरू नका. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकन लैंगिकता-संशोधकांनी १९७० च्या सुमारास मांडलेली एक पद्धत आजही समुपदेशक वापरतात. पहिले काही आठवडे संबंध करायचाच नाही, असे दोघांनी आधीच ठरवायचे. मग आठवड्यातून दोन-तीनदा, वीस-पंचवीस मिनिटे, आळीपाळीने एकाने दुसऱ्याची पाठ, खांदे, हात, तळपाय यांवरून हात फिरवायचा. छाती आणि गुप्तांगे सध्या वर्ज्य. ज्याला स्पर्श होतो आहे त्याने फक्त कुठे बरे वाटते ते सांगायचे. परीक्षाच ठेवलेली नसल्यामुळे नापास होण्याची धास्ती उरत नाही, आणि तुम्हालाही 'आता दुखेल' म्हणून अंग आखडावे लागत नाही. पुढचे टप्पे घाई न करता, दोघांना हवेसे वाटेल तेव्हाच. कोणत्याही टप्प्यावर 'आज नको' म्हणण्याची मुभा दोघांना सारखीच हवी. संबंध सुरू झाला, की भरपेट जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्यावेत आणि मद्य टाळावे. छातीत दुखू लागले तर लगेच थांबून डॉक्टरांनी आधी सांगून ठेवल्याप्रमाणे करावे, आणि दुखणे थांबत नसेल तर १०८ ला फोन करावा.

तुमच्या घरातली झोपायची व्यवस्था हीसुद्धा खरी अडचण आहे, ती क्षुल्लक समजू नका. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि ज्या खोलीत कूलर त्या खोलीत सगळे घर, असे हजारो घरांत घडते. सासूबाईंना रात्री उठावे लागते हे खरे असेल, तर त्यांच्या उशाशी बिनतारी घंटीचे बटण ठेवा आणि घंटी तुमच्या खोलीत लावा. अशी घंटी विजेच्या सामानाच्या दुकानात सहज मिळते. पुढच्या उन्हाळ्याआधी बेडरूमच्या खिडकीला लहानसा का होईना, पण वेगळा कूलर बसवा. मुलगी मोठी आहे, आजीजवळ आठवड्यातून दोन रात्री झोपायला तिला सांगता येईल, आणि त्याचे कारण कोणाला देण्याची गरज नाही. दार लावून झोपणे हा नवरा-बायकोचा साधा अधिकार आहे.

हीच वेळ वेगळ्या कारणाने आलेल्या वाचकांसाठी थोडेसे. बायपास झालेल्यांनी छातीचे हाड सांधेपर्यंत, म्हणजे साधारण सहा ते आठ आठवडे, थांबावे. गर्भाशय काढल्यावर सहसा सहा आठवडे आणि त्यानंतर तपासणी. बाळंतपणानंतरही तपासणी होईपर्यंत घाई नको, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला तुमच्यासारखाच कोरडेपणा जाणवू शकतो, हे तिच्या नवऱ्याने माहीत करून घ्यावे.

शेवटी, दोन शक्यता तुम्हाला टोचत असतील. पहिली, संशय खरा निघाला तर. मग विषय शरीराचा उरत नाही. तेव्हा घाईने निर्णय न घेता, विश्वासातल्या एका माणसाला सोबत घेऊन मला पुन्हा लिहा. दुसरी, ते 'मला यावर बोलायचं नाही' म्हणाले तर. एका नकाराने खचून जाऊ नका, महिनाभराने पुन्हा विचारा, आणि ते सतत गप्प, चिडचिडे, झोप आणि भूक उडालेले दिसत असतील, तर नैराश्याची तपासणी करून घ्या. मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात हे होते, मिहानमधल्या एम्समध्येही होते. १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीची मोफत सेवा चोवीस तास आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. तो फोन ते करणार नसतील, तर तुम्ही करा. तुमची झोप उडाली आहे, फोन करायला एवढे कारण पुरेसे आहे.